थंडीत सेल्फ घेत नाही? सोलापुरात दोष मे महिन्याचा असतो

गाडी बंद पाडण्याइतका दम सोलापूरच्या थंडीत नाही, हे आधी मान्य करू. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-चौदा अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात दहाच्या आसपास. एवढ्या गारव्यात धडधाकट बॅटरीची ताकद २५ अंशांच्या मानाने दहाएक टक्के उतरते. इंजिन फिरवायला लागतो त्याहून बराच जास्त साठा चांगल्या बॅटरीत असतो, त्यामुळे ही दहा टक्क्यांची घट तिला जाणवतही नाही. तरीही गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सकाळी सकाळी रांग लागलेली दिसते. कारण त्या बॅटऱ्या थंडीत मेलेल्याच नसतात. त्या मे महिन्यात खलास झालेल्या असतात, थंडी फक्त पंचनामा करते.

लेड-ॲसिड बॅटरीचं गणित साधं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगाने होते. बाहेर ४२-४३ अंश असताना पुण्याहून आलेली गाडी दुपारी उन्हात उभी केली की बॉनेटखाली साठ-सत्तर अंशांची भट्टी होते. त्यात शिशाच्या प्लेटांची जाळी गंजते आणि पाणी उडतं. पाणी कमी झालं की प्लेटांचा वरचा भाग उघडा पडून कायमचा निकामी होतो. मात्र उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण इंजिन ऑइल पातळ असतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया जोरात चालते आणि अर्धमेली बॅटरीसुद्धा सेल्फ फिरवून देते. नोव्हेंबरात ऑइल घट्ट होतं, बॅटरी मंदावते आणि झाकलेलं सगळं एका सकाळी उघडं पडतं. म्हणून बॅटरी तपासायची ती दिवाळीच्या आधी.

आधी आवाज ऐका

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं त्यावर अर्धं निदान होतं. गॅरेजला फोन कराल तेव्हा ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच सांगू नका, आवाज सांगा.

डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन ‘कट-कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला, तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा खटका) ओढला जातोय आणि करंट अपुरा पडल्याने लगेच सुटतोय. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेलं आहे. नव्वद टक्के सकाळी हाच आवाज असतो म्हटलं तरी चालेल.

एकच ठसठशीत ‘कट्ट’ आणि पुढे शांतता असेल तर दिव्यांकडे बघा. दिवे विझण्याइतके मंद झाले तर पुन्हा बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे झळझळीत राहिले तर बॅटरीला दोष देऊ नका, सेल्फच्या आतले कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) संपलेत किंवा सोलेनॉइडचे तांब्याचे पॉइंट जळालेत. सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच दोन टोले मारून गाडी सुरू झाली तर कार्बनच. ही युक्ती गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती आहे, महिनाभर चालवण्यासाठी नाही.

सेल्फ सुसाट फिरतो, ‘व्हींऽऽ’ असा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, असं झालं तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं दातेरी चाक इंजिनकडे सरकवणारा भाग, अडकलंय. आपल्याकडची धूळ आणि जुनं ग्रीस यांचा लगदा गारव्यात आवळतो आणि दातेरी चाक पुढे सरकत नाही. सेल्फ उतरवून, बेंडिक्स धुऊन, अगदी पातळ हाताने ग्रीस लावलं की काम होतं. इथे ग्रीसचा गोळा भरणारा कारागीर दिसला तर त्याला थांबवा, पुढच्या थंडीत तोच त्रास होणार.

इंजिन नेहमीच्या वेगाने छान फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीचा विषय संपला. तिथून पुढे इंधन, स्पार्क, हीटर प्लग (डिझेल इंजिन आतून तापवणारे). ते खाली येईल.

आणि काहीच आवाज नाही, दिवे नीट आहेत, अशा वेळी बॉनेट उघडण्याआधी क्लच पूर्ण दाबा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ देत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे का बघा. डॅशवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरला (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला) किल्ली ओळखता येत नाही, दुसरी किल्ली लावून पाहा. पुश बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल दमला असेल तर बहुतेक गाड्यांत रिमोट थेट बटणाला टेकवून बटण दाबलं की चालतं.

तीनशे रुपयांचा मल्टीमीटर

नवी पेठेतून पेट्रोल भरायच्या पैशात मिळणारा साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या आणि गाडीत ठेवा. बॅटरी चांगली की वाईट हे ‘हिरवा डोळा दिसतोय’ यावरून ठरवू नका. सीलबंद बॅटरीतला तो डोळा सहापैकी एकाच सेलची हकीकत सांगतो. बाकी पाचांतला एखादा मेला तरी डोळा हिरवाच राहतो.

पहिलं रीडिंग सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर घ्या. मीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल कांडी प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, काळी मायनसच्या. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव आणि ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. आदल्या रात्री लांबून आला असाल तर हेडलाइट एक मिनिट लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो.

पण उभ्या बॅटरीचा आकडा अर्धंच सांगतो. खरी परीक्षा ओझ्याखाली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, एकाला किल्लीवर बसवा आणि सेल्फ मारत असताना मीटर बघा. व्होल्टेज दहाच्या वर राहिलं तर उत्तम. ९.६ ही शेवटची सीमा. त्याखाली घसरलं आणि सुरुवातीला १२.६ दाखवत होतं, तर बॅटरीत दाखवायला चार्ज आहे पण द्यायला ताकद नाही, ती बदलायची. सुरुवातीलाच १२.१ होतं तर आधी बाहेर काढून चार्ज करा आणि मगच निकाल द्या, कारण रिकामी बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदार या दोन्हींत फरक करतोच असं नाही.

आता ज्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही तो प्रकार. सेल्फ मारताना बॅटरीवर ११ व्होल्टच्या वर आहे, पण सेल्फ ओढत नाही. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, मधली वाट तुंबली आहे. ती कुठे, हे मीटरच दाखवतो. लाल कांडी शिशाच्या खुंटीवर आणि काळी त्याच खुंटीवर आवळलेल्या टर्मिनलवर टेकवा आणि सेल्फ मारा. आकडा शून्याला चिकटून हवा. ०.२ च्या वर गेला तर टर्मिनल आणि खुंटी यांच्यात गंज आहे. मग एक कांडी मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर. इथे ०.२-०.३ पेक्षा जास्त आला तर अर्थची पट्टी, म्हणजे मायनसपासून इंजिन-बॉडीला जाणारी केबल, खराब. शेवटी प्लस खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट: अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, पुढे गेला तर केबल किंवा तिची लग (टोकाचा धातूचा कान) आतून सडली आहे. अर्थच्या एका पट्टीपायी सेल्फ, बॅटरी आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो तिन्ही बदलून बसलेले लोक आहेत.

टर्मिनल आणि पाणी

टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड दिसली तर दहा नंबरचा पाना घ्या. आधी मायनस सोडवायची, मग प्लस. लावताना उलट, प्लस आधी आणि मायनस शेवटी. मायनस जोडलेली असताना प्लस खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडून पाना वितळतो, हातात अंगठी असेल तर अंगठीही. एक मोठा चमचा खायचा सोडा कपभर कोमट पाण्यात विरघळवून जुन्या टूथब्रशने लावा. फसफसून गंज सुटतो. हे करताना झाकणांच्या आत सोडा जाता कामा नये, आत गेला तर ॲसिडच मारून टाकेल. साध्या पाण्याने धुवा, फडक्याने पूर्ण कोरडं करा, खुंटी आणि टर्मिनलचा आतला भाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा आणि मग वरून व्हॅसलिन. व्हॅसलिन आवळल्यानंतर, मधे नाही. टर्मिनल हाताने हललं नाही पाहिजे. हललं तर खिळा ठोकून घट्ट करायचा जो प्रकार रस्त्यावर चालतो तो करू नका, शिसं फाटतं.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर आपल्या गावात सगळ्यात जास्त घात पाणी करतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक सोसायटीत बोअर आहे, आणि बोअरचं पाणी किती जड आहे हे बादलीच्या काठावरच्या पांढऱ्या थराला विचारा. तेच पाणी बॅटरीत ओतलं की क्षार, लोह आणि क्लोराइड आत जातात, बॅटरी आपोआप उतरायला लागते आणि प्लेटा खराब होतात. आरओचं पाणीही नको. त्यातही विरघळलेले क्षार शिल्लक असतात. डिस्टिल्ड वॉटरचा लिटरचा कॅन कोणत्याही बॅटरीच्या दुकानात आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवर मिळतो. पातळी प्लेटांच्या साधारण एक सेंटिमीटर वर किंवा खुणेपर्यंत. काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी ॲसिड बाहेर येऊन टर्मिनल आणि खालचा ट्रे खातं. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी बघा, एरवी महिन्याने. वरून ॲसिड कधीही घालायचं नाही, उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी) असेल तर सहाही सेल मोजा. भरलेल्या बॅटरीत १.२६५ ते १.२८० हवं. पाच सेल १.२६० आणि एक १.१८० असं दिसलं तर तो सेल गेला, चार्जर कितीही लावा.

बॅटरी भरते कधी?

जुळे सोलापूर ते सात रस्ता, सात रस्ता ते शाळा, शाळा ते घर. प्रत्येक वेळी सेल्फने बॅटरीतून काढलेलं परत भरायच्या आत गाडी बंद. वर हेडलाइट, एसी, म्युझिक. बॅटरी कायम बारा-साडेबाराच्या मधे लोंबकळत राहते आणि १२.४ खाली आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. ते नंतर चार्जरनेही पूर्ण विरघळत नाहीत. शहरातच फिरणाऱ्या गाडीला पंधरा दिवसांतून एकदा अक्कलकोट किंवा मोहोळपर्यंत सलग फिरवून आणा, किंवा महिन्यातून एकदा घरी रात्रभर चार्जरवर ठेवा. चार्जरचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहा टक्के: ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. दुकानात दोन तासांत ‘फास्ट चार्ज’ करून देतात तेव्हा बॅटरी गरम होते, पाणी उडतं आणि ती पूर्ण भरतही नाही. घाई असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप करा, पण फास्ट चार्ज नको.

डायनामो तपासायला इंजिन चालू करून पंधराशेच्या आसपास आरपीएमवर ठेवा, दिवे आणि एसी लावा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या आत असेल तर डायनामो किंवा पट्टा. १५ च्या पुढे असेल तर रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळून मारतो. सकाळी सुरू करताच दोन-चार सेकंद पट्टा किंचाळतो तेव्हा तो सैल झालाय किंवा चकचकीत होऊन घसरतोय. नव्या गाड्यांत स्मार्ट चार्जिंग असतं, तिथे आकडा मधेच १२.८ पर्यंत उतरलेला दिसू शकतो. दिवे आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा, मग निष्कर्ष काढा.

चार दिवस लग्नाला गेलं आणि परत आल्यावर बॅटरी उतरलेली, असं दोनदा झालं तर गाडी झोपेत करंट खातेय. ५० मिलीअँपिअरपर्यंत खाणं रास्त आहे, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-अवर. ३०० मिलीअँपिअर खाणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा चुकीच्या वायरवर जोडलेला अँप्लिफायर दिवसाला सात अँपिअर-अवर पितो, लहान बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आडवी. मोजायचं तर मायनस सोडवून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून मधे जोडा, दारं बंद करा आणि अर्धा तास वाट बघा. गाडीचा कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतो, लगेच वाचलेला आकडा खोटाच असणार. मीटर मधे असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने तो पडेल तिथे चोर. बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा, तिथेच सापडतो.

जंप करताना

लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा आपल्या इंजिनच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीवर नको. विडी-सिगारेटवाल्या मदतनिसालाही लांब उभं करा. दुसरी गाडी चालू ठेवून पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मधे अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो. काढताना उलट क्रम.

केबल घेताना जाडीवर जाऊ नका, वरचं रबर जाड आणि आत शेवया, असा माल खूप आहे. आत १६ चौरस मिलिमीटर तांबं लहान पेट्रोल गाडीला, डिझेलला २५. चिमट्याजवळ केबल गरम लागली तर ती केबल फेकून द्या.

हैदराबाद रोडवर किंवा पुणे रोडवर बाळे गावाच्या पुढे अडकलात तर ट्रकवाला थांबतो, मन मोठं असतं, पण ट्रक २४ व्होल्टचा असतो. त्याला जोडलं की तुमचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. वाडीवस्तीवर ट्रॅक्टर मिळाला तर बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, बॅटरीवर वाचून खात्री करा आणि बिनधास्त जोडा. त्याची बॅटरी आपल्यापेक्षा दांडगी असते.

धक्का मारून पेट्रोल गाडी सुरू करायची तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. पण चार-पाच धक्क्यांत नाही पकडली तर थांबा. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठतं आणि पुढे तो तापून फुटतो. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही. बॅटरी अगदीच निपचित असेल तर इंजेक्शनवाली गाडी धक्क्यानेही सुरू होत नाही, कारण ईसीयू आणि पंप जागे व्हायलाच वीज लागते.

डिझेल

‘डिझेल गोठलं’ हे सोलापुरात ऐकलं की हसा आणि पुढे जा. भारतीय मानकातलं हिवाळी डिझेलसुद्धा तीन अंशांपर्यंत वाहतं राहण्यासाठीच बनवलेलं असतं. लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं वेगळं डिझेल आणावं लागलं, ती गोष्ट वेगळी. टाकीखाली पेटती चिंधी धरणाऱ्याला आपल्या गाडीजवळ फिरकू देऊ नका. ईथरचा स्प्रेसुद्धा नको. हीटर प्लग तापलेले असताना तो आत गेला तर पिस्टन फुटू शकतो.

हीटर प्लगबद्दलही थोडा विवेक हवा. जुन्या, चेंबरवाल्या डिझेलला बारा अंशांत हीटर लागतोच. डॅशवरचं वेटोळ्याचं चिन्ह विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. गरज वाटली तर हेच दोनदा. पण कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारं नवं इंजिन) या तापमानाला हीटरशिवायही उठतं. फार तर थोडा जास्त सेल्फ घेईल, पांढरा धूर सोडेल, अर्धा मिनिट थरथरेल. तसं दिसलं तर एखादा-दुसरा प्लग गेलाय. मात्र कॉमन रेल गाडी अजिबातच सुरू होत नसेल तर चारही हीटर प्लग बदलून पैसे घालवू नका, आजार दुसरीकडे आहे.

प्लग तपासायला वरची जोडपट्टी काढा, मीटर ओहमवर, एक कांडी प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनला. एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवला तर चांगला. आकडाच आला नाही तर आतली कॉइल तुटली. प्लग खोलताना इंजिन गरम हवं आणि आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारलेला हवा. जोर लावून मोडला तर हेड उतरवायची वेळ येते आणि दोन हजारांचं काम वीस हजारांवर जातं.

डिझेलमध्ये सकाळचा खरा खलनायक हवा. रात्रभरात डिझेल पाइपमधून टाकीकडे उतरतं, कारण कुठून तरी बारीक हवा शिरते: फिल्टरची ओ-रिंग, बँजो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) तांब्याचा वायसर, पाइपचा क्लिपवाला जोड. दिवसा गाडी एका सेल्फवर, सकाळी मात्र वीस सेकंद फिरते. खात्री करायला सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरजवळचा हातपंप दाबा. तो मऊ लागला, दहा-पंधरा दाबांनी कडक झाला आणि गाडी लगेच उठली, तर गळती सापडली असं समजा. जागा शोधायला फिल्टरनंतर एक पारदर्शक पाइपचा तुकडा घाला, बुडबुडे दिसतात. फिल्टरच्या तळाचा नट सैल करून साचलेलं पाणीही काढून टाका.

कॉमन रेलला आणखी एक अट आहे. रेलमध्ये साधारण दोनशे-अडीचशे बार दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. बॅटरी कमकुवत असली की सेल्फ फिरतो पण सावकाश, दाब तेवढा होत नाही आणि माणूस म्हणतो सेल्फ तर फिरतोय, बॅटरी चांगली आहे. पेट्रोल गाडी सावकाश फिरूनही पेट घेते, डिझेल घेत नाही.

पेट्रोल आणि सीएनजी

किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद ‘गुंऽऽ’ ऐकू आलं पाहिजे, तो पंप. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच). बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघा. आवाज आहे पण पहिल्या सेल्फला घेत नाही, तर किल्ली ऑन-ऑफ अशी तीनदा करा, दर वेळी पंप थांबेपर्यंत थांबून, आणि मग सेल्फ मारा. अशी पटकन उठली तर रात्रीतून लाइनमधला दाब उतरतोय: पंपाचा वनवे व्हॉल्व्ह किंवा एखादा टपकणारा इंजेक्टर.

सीएनजी गाड्यांची व्यथा निराळी. बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात, इंजिन जरा तापलं की गॅसवर जातात. मालक पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतो. मग तेच दोन-तीन लिटर महिनोन्‌महिने टाकीत पडून राहतं, हलके घटक उडून जातात, आणि थंडीत पेट घ्यायला नेमके तेच हवे असतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल गारव्यात पेट्रोलपेक्षा कमी बाष्पीभवन पावतं आणि हवेतलं पाणी ओढतं. वर पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो, रिझर्व्हवर तो तापतो आणि मरतो. टाकी किमान पाव भरलेली ठेवा, आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. सीएनजी गाडीचे स्पार्क प्लगही लवकर झिजतात. फट मॅन्युअलमधल्या आकड्याला, फीलर गेजने बघून.

दहा वेळा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर प्लग भिजलेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असं केलं की ईसीयू पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा फिरून प्लग सुकतात.

गरम असताना मस्त, फक्त थंडीत नकार, आणि इंधन-प्लग सगळं ठीक, अशा वेळी कूलंट टेंपरेचर सेन्सरवर संशय घ्या. मोबाइलला जोडणारा ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) सकाळी, सेल्फ मारायच्या आधी लावा. कूलंटचा आकडा बाहेरच्या तापमानाच्या दोन-चार अंशांत हवा. बाहेर १३ आणि सेन्सर सांगतोय ६०, तर ईसीयू इंजिन गरम आहे असं समजून पेट्रोल कमी सोडतोय.

ऑइल, उंदीर, चादर

मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असताना ‘आपल्याकडं ऊन जास्त, जाड टाका’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरणारे आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा. तो वाढला की पहाटे सेल्फवरचं ओझं वाढतं आणि आधीच दमलेली बॅटरी हार मानते. कंपनीने दिलेला ग्रेड पाळा, उन्हाचा विचार त्यांनी केलेला असतो.

रात्री बॉनेटवर चादर टाकून काही साधत नाही. इंजिन काही तासांत गार होतंच, आणि सोलापुरी चादर कितीही जाडजूड असली तरी पहाटेपर्यंत ऊब धरणार नाही. उंदरांना मात्र तिच्याखाली बरं वाटतं. रब्बीच्या ज्वारीच्या शिवाराजवळ गाडी लागत असेल तर थंडीत ऊब शोधत ते इंजिनवर येतात आणि वायरिंग कुरतडतात. काल चांगली असलेली गाडी आज अचानक गप्प झाली तर बॉनेटखाली लेंड्या आणि कुरतडलेलं इन्सुलेशन शोधा, बॅटरी नंतर.

बदलायचीच वेळ आली तर

आपल्याकडे तीन-चार वर्षं म्हणजे बॅटरीने मान राखला. क्षमता मॅन्युअलप्रमाणे: लहान पेट्रोलला ३५ ते ४५ अँपिअर-अवर, डिझेलला साधारण ६० ते ८०. प्लस-मायनसची बाजू जुन्यासारखीच हवी, उलट आली तर केबल ताणून बसवतात आणि ती पुढे घासून तुटते. उत्पादनाचा महिना बघा, सहा महिन्यांपेक्षा जुना माल शेल्फवरच उतरलेला असतो. दुकानातच मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटीत किती महिने बदलून मिळते आणि किती महिने नुसती प्रो-राटा (उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात) सूट मिळते हे कार्डावर लिहून आणि शिक्का मारून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात.

खालचा क्लँप न चुकता आवळायला लावा. मोकळी बॅटरी खड्ड्यांत हादरून प्लेटा सोडते. बॅटरी बदलल्यावर काचांचं ऑटो बटण विसरलेलं असेल तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरा, बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने होतं. म्युझिक सिस्टीम कोड मागू शकते, तो आधीच शोधून ठेवा. आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) पहिले एक-दोन दिवस वर-खाली होईल, ईसीयू पुन्हा शिकतोय. लगेच थ्रॉटल बॉडी साफ करायला नेऊ नका.